देवळाच्या पायरीवरचे बूट

कापसाच्या जिनिंगमधून घरी आले की माझे हे एक जुना ऑनलाइन खेळ खेळतात. यांचे सगळे सोबती तो सोडून गेले, आणि खेळातल्या देवळाचं दार एकट्याला उघडत नाही. म्हणून सोमवारची पोथी आटोपून मी पहिल्यांदाच खेळायला बसले.

दार उघडलं. आतल्या राक्षसानं मला एका फटक्यात पाडलं.

"वनिता, असं कसं? तुले भारी चिलखती बूट देले होते ना!"

"पायरीवर काढून ठेवले. देवळात बूट घालून जाऊ कशी?"

"अवं, आत राक्षस हाय!"

"देऊळ तर आहे."

हे पोट धरून हसले. दुसऱ्यांदा आत शिरताना पाहिलं, तर यांचेही पाय अनवाणी होते. राक्षसानं दोघांनाही झोपवलं.

"उद्या येशीन ना मंग?" यांनी जरा भीतच विचारलं.

"आरती झाली की येते."