तिला नाव, मला नंबर

मी ट्रेलर बोलतोय, होडीचा ट्रेलर. या घरात माझ्यावाचून पान हलत नाही. म्हणजे पान हलतं हो, मीच हलत नाही. मला ओढायला पुढे गाडी लागते. बढाई मारायला मात्र गाडी लागत नाही, म्हणून म्हटलं सुरुवात तिथूनच करावी.

शिक्षण विचाराल तर माझ्या पाठीमागे एक नंबरपाटी आहे. तिच्यावर आहेत तेवढीच अक्षरं आणि तेवढेच आकडे मला येतात. जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. कुठल्याशा मोडक्या फाटकाचं लोखंड, भंगारात निघालेल्या मोटारीचा आस, आणि त्याआधी एकमेकांना कधीही न भेटलेली दोन चाकं. वेल्डर कामाला पक्का, मापाला कच्चा. गाडीला अडकवायचा माझा पुढचा दांडा त्याने वीतभर आखूड कापला. "चालतंय," म्हणाला, "आखूड दांड्याचा ट्रेलर जरा तापट असतो, एवढंच."

पुढे मला या तापटपणाचा फार उपयोग झाला.

मला घेऊन आले एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्यांची बायको. ती त्याच बसवर कंडक्टर होती. तीस वर्षं साहेब पुढे बसून बस चालवत होते आणि बाई मागून घंटी मारून साहेबांना चालवत होत्या. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. यांचं लग्नही असंच ठरलं म्हणतात. साहेबांनी विचारलं आणि बाईंनी उत्तर म्हणून दोनदा दोरी ओढली. निवृत्त होताना बाईंनी ती पितळी घंटी मागून घेतली. अजूनही घरात भांडण लांबलं की टण्‌ करून एक घंटी वाजते आणि साहेब वाक्य अर्धवट सोडतात.

मला वाटलं, चला, आता या घरात आपलं कोडकौतुक. आठ दिवसांनी ती आली. होडी. अंगाने निळी, कमरेला पांढरी रेघ. साहेबांनी जीभ बाहेर काढून, बारीक ब्रशने तिच्या नाकाडावर नाव लिहिलं: लाडकी. आणि उचलून तिला ठेवली कुठे, तर माझ्या डोक्यावर.

तिला नाव, मला नंबर. तिला मऊ फडकं, मला तिच्या अंगावरून ओघळलेलं पाणी. रविवारी तळ्यावर जायचं. उतारावरून मला आसापर्यंत पाण्यात ढकलायचं, की लाडकी माझ्या पाठीवरून सुटून डुलत निघालीच. ती दोघं तिच्यात बसून हसणार, आणि मी काठावर ओल्या चाकांनी उभा. माझ्यावर कावळे येऊन बसायचे. नुसते बसायचे नाहीत, जाताना काहीतरी ठेवूनही जायचे.

जळलो मी. खोटं कशाला बोलू? लोखंड पाण्याने गंजतं असं शाळेत शिकवतात म्हणे. मी कुठे शाळेत गेलोय? मी जळून जळून गंजलो.

त्याचा सूड मी घरी आल्यावर घ्यायचो. आमचं फाटक अरुंद. आत एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची. मधे माझी जागा. मी आत गेल्यावर दोन्हीकडे चार-चार बोटं उरतात. तिथे मला उलटं, मागे मागे सरकत जायचं असतं. आता ट्रेलरची गंमत अशी, की मागे घेताना स्टिअरिंग एकीकडे फिरवलं की तो दुसरीकडे वळतो. बस बिचारी सरळमार्गी. साहेबांचे हात तीस वर्षं बसचे. डोक्याला कळायचं, हातांना नाही. त्यात माझा आखूड दांडा. त्यांनी तसूभर फिरवलं की मी हातभर फिरायचो, वर थोडं मनाचं घालायचो. लाडकीची कूस फाटकाच्या खांबाला खर्रकन घासली की माझ्या नटबोल्टांत कसा गारवा पसरायचा.

समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात स्टूल टाकायचा.

"साहेब, आज कितव्या फेरीत?"

"तुम्ही बाह्या शिवा."

"शिवल्या असत्या हो. पण गिऱ्हाईक तुमच्या होडीच्या पलीकडे अडकलंय. माप काय इथून डोळ्यांनी घेऊ?"

बाईंनी उजव्या खांबाला जुनी उशी बांधली. मी डाव्या खांबावर काम सुरू केलं.

सोमवारी साहेब रंगाचा डबा घेऊन लाडकीशेजारी बसायचे. ओरखडा घासायचे, भरायचे, "फार लागलं का गं," म्हणत निळा हात द्यायचे. आई लेकराचा गुडघा पुसते ना, तसे. ते बघून माझा तिळपापड. पुढच्या रविवारी मी आणखी जोरात घासायचो. सोमवारी पुन्हा डबा. अशी नऊ वर्षं गेली.

मागच्या रविवारी मात्र माझा हात जरा सैलच सुटला. लाडकीची कड खांबाच्या उशीत अडकली, गाडी आडवी झाली आणि गल्ली बंद. शिंप्याची म्हातारी आई दवाखान्यातून रिक्षाने येत होती. तिला कोपऱ्यावर उतरून, भिंत धरत धरत चालत यावं लागलं. त्या दिवशी शिंपी हसला नाही. त्याने स्टूल उचललं आणि तिच्यासाठी घेऊन गेला.

बाईंनी एक घंटी मारली.

"अहो, आता पुरे. आज आत गेला तर गेला. नाहीतर होडी कायमची तळ्यावरच्या शेडमध्ये. तिथला माणूस हो म्हणालाय."

"आणि ट्रेलर?"

"होडी तिकडे ठेवल्यावर ट्रेलर कशाला? भंगारवाला मंगळवारी येतो, त्याला सांगून ठेवलंय."

दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपणच पडतो म्हणतात. माझं खणणं तर नऊ वर्षं चाललेलं, चांगला खोल झाला होता.

मी लगेच शहाणा झालो. अंग चोरून सरळ उभा राहिलो. साहेबांनी गाडी पुढे घेऊन कड सोडवली, पुन्हा मागे घेतली. पण मी शहाणा होऊन काय उपयोग? हात बसचेच. एकदा उशीवर गेलो, एकदा नळाच्या तोटीपाशी. साहेबांच्या कपाळावर घाम. माझ्या डोळ्यांपुढे मंगळवार.

बाई गाडीच्या खिडकीशी आल्या.

"ड्रायव्हरसाहेब, उतरा. मी बसते."

"तू? लायसन कुठाय?"

"कपाटात. सहा महिने झाले. रोज दुपारी तुम्ही घोरता ना, तेव्हा शिकायला जात होते."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही जागे कुठे होता? घंटी धरा."

साहेब उतरले. त्यांचा चेहरा बघितला आणि मी चपापलो. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. नऊ वर्षं मी तोच घेऊन लाडकीखाली उभा होतो.

बाईंनी स्टिअरिंग वरून नाही, खालून धरलं. खालून धरलं की हात जिकडे नेईल तिकडेच ट्रेलर जातो. एवढी सोपी गोष्ट. "तीस वर्षं मागच्या दारात उभी होते," त्या म्हणाल्या, "मागचं टोक कुठे जातं ते तुम्ही आरशात बघितलंत, मी डोळ्यांनी."

साहेबांनी आयुष्यात घंटी मारली नव्हती. एक की दोन, या घोळात त्यांनी पाच वाजवल्या. पाच घंट्यांचा अर्थ कुठल्याच डेपोत नाही.

"अहो, आग लागली नाहीये. दोन मारा. मग मी थांबायला हवं तेव्हा एक."

टण्‌ टण्‌. मी निघालो. इतका सरळ मी वेल्डरच्या शेडमध्येही नव्हतो. उशी मागे गेली, डावा खांब गेला, तोटी गेली. आपला आखूड दांडा मी असा धरला होता, जशी लग्नात मुलीचा बाप जीभ आवरून धरतो. भिंत चार बोटांवर आली आणि बरोब्बर एक घंटी वाजली.

"शिकलात की," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घंटी खाली ठेवली. त्यांनी लाडकीच्या दोन्ही कुशींवरून हात फिरवला. कुठे काही लागलं नव्हतं. मग जाऊन त्यांनी खांबाची उशी सोडली आणि शिंप्याच्या आईला पाठीशी घ्यायला नेऊन दिली. सोमवारी रंगाचा डबा उघडलाच नाही. मंगळवारी भंगारवाला एक फुटकी बादली घेऊन गेला.

तर मी आता इथे उभा आहे. एक चाक कुरकुरतं, आसाला पापुद्रे सुटलेत. तुमच्या घरी कुणी लाडकी असेल तर कधी वाकून तिच्याखालीही बघत जा. तिथे कुणीतरी उभं असतं. त्याला नाव नको असतं, चिमूटभर ग्रीस पुरतं. आणि डब्याच्या तळाशी रंग उरलाच असेल तर, म्हणजे आपलं मी सुचवतोय.

काल न राहवून मी वर बघून म्हणालोच, "काय लाडूबाई, शेवटी तुला कुणी वाचवलं? आणि रंग बघ. नऊ वर्षं तुला हातावर हात, मला एक थेंब नाही."

नऊ वर्षांत ती पहिल्यांदा बोलली.

"माझा पहिला रंग तू दोन रविवारही टिकू दिला नाहीस. त्यानंतरचा एकेक हात तू काढलेल्या ओरखड्यावर बसलाय. अरे, ते कुठे माझे लाड करत होते? ते लाड तर तूच त्यांच्याकडून करवून घेत होतास."