हरलेल्यांसाठी ताणलेली जाळी

मित्रांनो, मी व्हॉलीबॉलची एक जुनी जाळी आहे. तुम्ही मला नेट म्हणता, त्याला माझी हरकत नाही. माझ्या अंगाला भोकंच भोकं, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही असं लोकांना वाटतं. खरं तर चौकशी केल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. गाठी यंत्राने मारल्या, पण माथ्यावरची पांढरी कापडी पट्टी एका बाईंनी मशीनवर बसून शिवली. दोरा तोडताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, ही कुठे जाईल कोण जाणे. पुढे काय होणार, हे कुतूहल मला तिथेच चिकटलं असावं.

मी पोचले ती मुलींच्या एका कॉलेजात. तिथल्या संघाचा दरारा असा होता, की पाहुणा संघ बसमधून उतरतानाच अर्धा हरलेला असे. उरलेला अर्धा आमच्या हॉलच्या भिंतीकडे बघून हरत असे. तिथे जुन्या कप्तानांचे फोटो ओळीने लावले होते आणि त्यांतली एकही घरच्या मैदानावर करंडक हरली नव्हती.

सामना जिंकला की मुली एकमेकींना मिठ्या मारायच्या, बॉलचा मुका घ्यायच्या. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. माझ्याशी लगट केली की गुण गेलाच, तेव्हा माझ्यापासून जपून राहण्यातच त्यांची हुशारी होती. मी ते मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं असेल.

मला कोडं पडायचं ते निराळंच. सगळीकडे सामना संपला की जाळी सोडतात. इथे मला तशीच ताणून ठेवत. संघाच्या प्रशिक्षक मॅडम हरलेल्या मुलींना थांबवून घ्यायच्या, त्यांना चहा द्यायच्या आणि आपल्या मुलींना सांगायच्या, आता पलीकडे जा आणि त्यांना शिकवा. मग विजेत्या मुली माझ्याखालून वाकून पलीकडे जात. पाहुण्यांना आधी वाटायचं, या जखमेवर मीठ चोळायला आल्या. हळूहळू त्या शिकायला लागत.

ही रीत सगळ्यांत जास्त खुपली ती एका कप्तानाला. ती लिफ्टर होती, म्हणजे जोरात मारणारीला बॉल वर उचलून देणारी. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि भिंतीवरच्या फोटोंत हरलेली पहिली कप्तान म्हणून लटकायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. एक दिवस तिने मॅडमना तोंडावर सांगितलं, "आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय."

मॅडम म्हणाल्या, "आपण एकट्याच चांगल्या झालो, तर खेळायचं कोणाशी?"

कप्तानाला ते पटलं नव्हतं. तिच्या पायांचा धपधप आवाज मी दिवसभर ऐकत होते.

त्या वर्षी सरावाच्या सामन्याला एक उंच मुलगी आली. सगळ्या तिला शिडी म्हणायच्या. तीही लिफ्टर. हरल्यावर ती थेट कप्तानाकडे आली आणि कप्तानाची ठेवणीतली खेळी शिकायची म्हणाली. ती खेळी अशी: नजर मारणारीकडे ठेवायची, बॉल तिलाच देतोय असं भासवायचं आणि हलकेच माझ्यावरून पलीकडे सोडून द्यायचा. कप्तानाने चक्क नकार दिला. मग शिडी एकटीच करून बघायला लागली, आणि इतकं वाईट करायला लागली की कप्तानाला बघवेना. शेवटी तिने जाऊन तिचं मनगट धरलं आणि सगळं शिकवलं. मला हसू आवरेना. वारा नसताना मी का हलतेय, असं मॅडमना वाटलं असेल.

करंडकाच्या अंतिम सामन्यात पलीकडे शिडीचाच संघ होता. सामना शेवटच्या गुणावर आला. शिडीने उडी घेतली, नजर मारणारीवर. आमच्या बाकीच्या मुली तिकडे धावल्या. कप्तान मात्र ओळखून होती. ती माझ्यापाशी येऊन वाकली, बॉल पडायची जागा धरून. पण शिडीने बॉल तिथे सोडलाच नाही. कप्तानाच्या डोक्यावरून तो मागच्या रिकाम्या कोपऱ्यात ढकलून दिला. कप्तानाने तिला हे शिकवलं नव्हतं.

पाहुण्या मुली नाचल्या. आमच्या मुली रडल्या. फक्त कप्तान रडली नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. या कॉलेजच्या मुलींना हरलेल्या बाजूने थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता ही काय करणार, या उत्सुकतेने माझी एकेक गाठ आवळली. आज आमच्या मुलींनी पलीकडे जाऊन शिकवावं असं काही उरलं नव्हतं. मॅडम माझी दोरी सोडायला आल्या.

"मॅडम, राहू द्या ती," कप्तान म्हणाली आणि माझ्याखालून वाकून पलीकडे गेली.

"ते शेवटचं मला परत दाखव," ती शिडीला म्हणाली.

शिडी संकोचली. "तुम्हाला मी काय दाखवणार, ताई?"

"हरवलंस ना मला? मग शिकव."

आणि शिडीने शिकवलं. कप्तान चुकत होती, पुन्हा करत होती. मला तिचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा एकाही करंडकाच्या वेळी वाटला नव्हता.

मित्रांनो, आता माझी पट्टी फाटली आहे, मधोमध पोट सुटलं आहे आणि मी सामानाच्या खोलीत घडी होऊन पडले आहे. आमचा संघ अधूनमधून हरतो. पण जिथे हरतो, तिथल्या मुली आमच्या मुलींना थांबवून घेतात, असं मला दारापलीकडच्या बोलण्यातून कळतं. तुमच्याकडे जाळी असेल तर ती ओली गुंडाळू नका, आम्ही कुजतो. आणि हरलात तर लगेच घरी पळू नका. जरा वाकून पलीकडे जा आणि विचारा, कसं केलंस.