नणंदेचे जिवाणू

नणंदेने थंड पेटी मांडीवर घट्ट धरली आणि शेजारी बसलेल्या वहिनीला कोपराने ढोसलं.

"सरक जरा. ही सांडली, तर दोन तासांत दुसरा माल कुठून आणू?"

"हळू बोला ना वन्सं, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. जन्मात पहिल्यांदा या गोष्टीला किंमत आली आहे."

वहिनीने तोंडावर हात धरला, तरी खांदे हलायचे थांबेनात. सकाळपासून दोघींच्या अंगात वारं शिरलं होतं. वहिनी बस चालवायची. वजन उतरवा, नाहीतर चालकाची जागा सोडा, अशी आगाराच्या डॉक्टरांनी तिला वर्षभराची मुदत दिली होती. उपास झाले, चालणं झालं, काटा ढिम्म. मग या रुग्णालयातल्या प्रयोगाचं कळलं. सडपातळ माणसाच्या शौचातून त्याच्या आतड्यातले जिवाणू काढायचे आणि जाड माणसाच्या आतड्यात सोडायचे. ते रुजले, तर अन्न पचवायची आणि साठवायची शरीराची रीतच कदाचित बदलेल. दाता शोधायला लांब जायची गरज नव्हती. एकाच पातेल्यातलं जेवून नणंद काटकी नि वहिनी पिंप! पहिल्या तपासणीत नणंद पास झाली, तेव्हा मुलाचा निकाल सांगावा तसं तिने ते गल्लीभर सांगितलं होतं. आज शेवटची प्रश्नावली होती, आणि या तुकडीत एकच जागा उरली होती.

नाव पुकारलं गेलं. आत परिचारिकेने कागद पुढ्यात ओढला.

"पहिल्या तपासणीनंतर ताप? जुलाब?"

"छे."

"प्रतिजैविकाच्या गोळ्या? त्यांनी पोटातले चांगले जिवाणूही मरतात, म्हणून विचारते."

"अहो, गोळी बघितली की माझा घसा मिटतो," नणंद म्हणाली. "जन्मात एक गिळली नाही."

परिचारिकेला हसू आलं. तिचं पेन रकान्यापाशी गेलं. वहिनीने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"थांबा," ती म्हणाली. "घेतल्यात त्यांनी. पाच दिवस. मागच्या महिन्यात यांचा घसा सुजला होता. माझ्या उरलेल्या गोळ्या कुटून मी मधात कालवल्या. चाटण आहे म्हणून सांगितलं."

पेन थांबलं. नणंद पेटीच्या झाकणाकडे बघत राहिली.

"मग तीन महिने तरी यांचं चालणार नाही," परिचारिका म्हणाली. "पुढच्या तुकडीसाठी नाव लिहून ठेवते. जागा मिळेलच, असं मात्र सांगत नाही."

"लिहा," नणंद म्हणाली. "दाता मीच. ठळक लिहा."

जिन्यावर वहिनीचा पाय अडला.

"वन्सं, बोला ना काहीतरी. मी फसवलं तुम्हाला."

"मध कधी कडू लागतो का गं?" नणंद एक पायरी उतरली. "पहिल्या बोटालाच कळलं होतं मला."

वहिनी कठडा धरून उभी राहिली.

"मग आत, गोळी गिळलीच नाही, असं कशाला म्हणालात?"

नणंदेने वळून पाहिलं नाही. पेटी एका बगलेत घेऊन तिने मोकळा हात मागे केला.

"धर," ती म्हणाली. "पायऱ्या उंच आहेत."