स्वेटरच्या आतला पाना

मी एक जुना वजनकाटा आहे. लहान मुलांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात दाराशेजारी उभा असतो. तुम्हाला मी ‘मित्रांनो’ म्हणतो खरा, पण तुमची माझी काही मैत्री नाही. आकडा आवडला नाही की तुम्ही मलाच लाथ मारता.

कारखान्यातून आलो तेव्हा नवाकोरा, पांढराशुभ्र होतो. इथल्या मोठ्या सिस्टर मला रोज पुसायच्या. मुलाला फक्त पातळ कपड्यांत माझ्यावर उभं करायच्या आणि आकडा दोनदा वाचायच्या. मूल अशक्त असेल तर त्याला आधी खाऊ घाला, अंगात ताकद नसेल तर जखम भरत नाही, असं त्या डॉक्टरांनाही ठणकावून सांगायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि माझे हाल कुत्रं खाईना. माझ्यावर लोक ओले टॉवेल वाळत घालू लागले.

अशातच पाच वर्षांची एक मुलगी दाखल झाली. आतड्याचं ऑपरेशन होतं, पण घाईचं नव्हतं. पोट दुखतं म्हणून सहा महिने ती धड जेवली नव्हती. नुसती हाडं आणि कातडं! पंधरा किलोच्या आत भरलं की परत पाठवतात आणि पुढची तारीख चार महिन्यांनी मिळते, असं रांगेतल्या बायकांनी तिच्या आईच्या कानात भरवलं होतं. मग काय, आईने शक्कल लढवली. पोरीला दोन पेले पाणी पाजलं, पायात जाड बूट घातले आणि नळ दुरुस्त करणाऱ्या बापाचा लोखंडी पाना तिच्या स्वेटरच्या आत बांधला.

नवी सिस्टर स्वेटर काढणार होती. आई म्हणाली, पोरीला थंडी वाजते. सिस्टरने मान हलवली आणि माझ्याकडे नीट न बघताच पंधरा लिहिलं. आळशी कुठली! मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी या दोघींनी माझ्याकडून ते वदवून घेतलं.

ऑपरेशन छान झालं. सर्जनबाई खूश होत्या. सातव्या दिवशी मात्र जखम उकलली. टाके धरलेच नाहीत आणि पोरगी तापाने फणफणली. सर्जनबाईंनी पुन्हा वजन करायला लावलं. बारा भरलं. आठवड्यात तीन किलो गेले कुठे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आईने रडत सगळं कबूल केलं.

"बाई, तारीख महिन्याभरातच पुन्हा मिळाली असती," सर्जनबाई म्हणाल्या. "तोवर नीट खाऊ घालून आणली असती, तर आज ही घरी असती."

"मला वाटलं, ऑपरेशन झालं की ती आपोआप जेवेल," आई म्हणाली.

मला तिची दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

आठ दिवसांचं काम होतं, आज अकरावा आठवडा चालू आहे. मधे पोट पुन्हा उघडावं लागलं. नाकातल्या नळीने दूध जातं, आकडा मुंगीच्या पावलांनी चढतो. मित्रांनो, मूल अशक्त असेल तर माझ्यापासून लपवू नका. मला शिव्या द्या हवं तर, पण त्याला आधी जेवू घाला.

मोठ्यांवर मी खुशाल चिडतो. पण ही पोरगी रोज माझ्यावर चढताना पाय आखडून रडते. आपल्याला घरी सोडत नाही तो मीच, असं तिला वाटतं.