भाताच्या हाताने लावलेला मोगरा

धसईच्या आसपासच्या पाड्यांत कमळाबाईंसारखी भाताची लावणी करणारी बाई सापडायची नाही. रोपं उपटून त्यांची मूठ पायाच्या पंजावर अशी आपटायच्या की मुळांचा चिखल दोन फटक्यांत उडून जायचा. मग मूठ पाण्यात खळबळून पांढरीशुभ्र करायची आणि चिखलात अंगठ्याने दाबत मागे मागे सरकत जायचं. पहिले तीन दिवस रोप पिवळं पडून लोळतं. गावातली एखादी नवी सून घाबरली की कमळाबाई हसायच्या. चौथ्या दिवशी बघ, म्हणायच्या. आणि चौथ्या दिवशी रोप उभं राहायचं. चाळीस पावसाळ्यांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

म्हणूनच मोगऱ्याचं जे झालं ते झालं.

मोगरा सुनेचा होता. वर्षाचं माहेर सापगावचं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा तिच्या आईने परसातल्या मोगऱ्याची फांदी मातीत दाबून, वर दगड ठेवून धरवलेलं रोप तिच्या ओटीत दिलं होतं. त्याला दहा वर्षं झाली. रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि डब्यातच राहिलं. दर फाल्गुनात ते कळ्यांनी भरायचं. वर्षा अंगणवाडीत मदतनीस होती. कामाला जाताना ती वेणीत चार फुलं खोचायची, आणि त्यातलं एक कमळाबाईंच्या अंबाड्यात, न विचारता. सासूसुनेचं बोलणं कामापुरतंच असे, पण हे फूल मात्र दहा वर्षांत चुकलं नव्हतं.

यंदा फाल्गुनात वर्षाची आई गेली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेलीच. सगळे सापगावला धावले. मातीला जाऊन कमळाबाई नातीला, मनस्वीला, घेऊन परत आल्या. पोरीची शाळा होती आणि गोठ्यात म्हैस. वर्षा आणि कमळाबाईंचा मुलगा संदीप दिवसकार्य होईपर्यंत तिकडेच राहिले.

परत आल्यावर कमळाबाईंची नजर मोगऱ्यावर गेली. डबा तळाशी गंजून फाटला होता आणि त्यातून मुळांची जाळी बाहेर लोंबत होती. वर माती दिसतच नव्हती, नुसती मुळं. पाणी घातलं की वरच्यावर वाहून जायचं. फांद्यांवर कळ्या होत्या, पण बारीक. पानं पिवळसर. कमळाबाईंना वाटलं, झाड कोंडलंय. पोरीची आई गेली. ती परत येईल तेव्हा निदान तिच्या आईचं झाड तरी मोकळ्या घरात असावं. सुनेला जवळ घेऊन दोन शब्द बोलणं त्यांना जमलं नव्हतं. हे जमण्यासारखं होतं.

त्यांनी जीव लावून केलं. डबा पत्र्याच्या कात्रीने कापला. मुळांचा गोळा बादलीत बुडवून, बोटांनी सोडवून, शेवटचा मातीचा कणसुद्धा काढून टाकला. खाचरातली ढेकळं आणून, फोडून, पाणी घालून पायाने तुडवली आणि लोण्यासारखा चिखल केला. पाणी वाहून जाऊ नये म्हणून मुद्दाम बिनभोकाचं निळं पिंप घेतलं, अर्धं कापलेलं. त्यात झाड खोल दाबलं आणि वर चार बोटं पाणी उभं केलं. पाण्यात चेहरा दिसायला लागला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

पानं माना टाकून लोंबली. कमळाबाई घाबरल्या नाहीत. चौथ्या दिवशी बघ, त्यांनी मनस्वीला सांगितलं.

चौथ्या दिवशी पानं काळी पडून गळाली. पिंपाला गटारासारखा वास येत होता.

मनस्वी नऊ वर्षांची. ती पिंपाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, शेळीनं खाल्लं म्हणून सांगू."

"आपल्याकडं शेळी हाय का गो?"

"शेजारच्या धाकलूकाकाची हाय ना. ती सगळ्यांचं खाते."

कमळाबाईंना हसू आलं नाही. उलट तो विचार त्यांच्या मनात घर करून बसला. शेळी खरंच सगळ्यांचं खायची. कोणी शंका घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पिंपातलं झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या मनस्वीला घेऊन धसईच्या बाजारात गेल्या. एसटी थांब्यामागे गोजर गुरुजी राहायचे. त्यांनी संदीपला चौथीपर्यंत शिकवलं होतं. आता निवृत्त होते आणि अंगणात कुंड्याच कुंड्या. गुरुजींनी गोणपाट उघडलं, मुळांवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. कधी लावलं, कसं लावलं, सगळं विचारलं. कमळाबाईंनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. कारण गुरुजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुजींनी मनस्वीला जवळ बसवलं. भात पाण्यात उभं राहतं, मोगरा का राहत नाही, असं तिलाच विचारलं. तिला येईना. तेव्हा त्यांनी सांगितलं की भाताचं रोप आतून पोकळ नळीसारखं असतं, ते वरची हवा खाली मुळांना पोचवतं. मोगऱ्याला तशी नळी नाही. त्याची मुळं मातीतल्या बारीक भोकांतून श्वास घेतात. ती भोकं पाण्याने भरली की मुळं गुदमरतात आणि कुजतात.

"मग आजीनं त्याला बुडवलं," मनस्वी म्हणाली.

"आजीनं त्याला भातासारखं सांभाळलं," गुरुजी म्हणाले. "भाताला ते चाललं असतं."

मग त्यांनी कमळाबाईंना सगळं सावकाश सांगितलं, एकेक गोष्ट दोनदा, जसं वर्गात सांगायचे. डब्याखालून मुळं बाहेर आली आणि पाणी आत मुरेनासं झालं की कुंडी बदलायची वेळ झाली, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त वेळ चुकली. मोगऱ्याचं घर बदलायचं ते पौषात, तो झोपलेला असतो तेव्हा. फांद्या छाटून, नवी पालवी फुटायच्या आधी. कळीवर असताना नाही. मुळाभोवतीची माती धुवायची नाही, जुना गोळा शक्यतो तसाच उचलायचा. फक्त कडेची गुंडाळलेली मुळं बोटांनी सैल करायची. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनतीन बोटंच मोठी, नाहीतर जास्तीची माती ओलीच राहते.

"आता काय?" कमळाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी मुळं पुन्हा चाचपली. "जगेल असं मी सांगत नाय. करून बघू."

त्यांनी करून दाखवलं आणि कमळाबाईंकडून करवून घेतलं. तपकिरी, लिबलिबीत मुळं कात्रीने कापली. पांढरी, कडक तेवढी ठेवली. ती अर्ध्याहून कमी निघाली. एवढ्याशा मुळांवर एवढं झाड पोसायचं नाही, म्हणून फांद्याही अर्ध्यावर छाटायच्या होत्या. आणि उरलेल्या कळ्या खुडायच्या होत्या. फांद्या कमळाबाईंनी कापल्या. कळ्यांवर त्यांचा हात चालेना. त्या सुनेच्या वेणीतल्या होत्या. शेवटी मनस्वीने खुडल्या.

मातीची कुंडी गुरुजींनी दिली. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर तांबडी माती, वाळू, जुनं कुजलेलं शेणखत आणि थोडं भाताचं तूस. बुंधा आधी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवायचा, खोल नाही. एकदा भरपूर पाणी, ते खालून वाहून जाऊ द्यायचं, आणि मग बोट खुपसून दोन पेरं कोरडं लागेपर्यंत थेंब घालायचा नाही. उन्हात ठेवायचं नाही. खत नाही. वीसेक दिवस नुसतं थांबायचं.

"थांबणं मला येतं," कमळाबाई म्हणाल्या.

"चार दिवसांचं येतं तुमाला," गुरुजी म्हणाले.

बाराव्याला सापगावला जायला हवं होतं. कमळाबाईंनी संदीपला फोनवर म्हशीचं निमित्त सांगितलं. म्हशीला काही झालं नव्हतं. चार लोकांत सुनेच्या तोंडाकडे बघून आपण शेळीचं नाव घेऊ, अशी त्यांना भीती वाटत होती. आणि नाही घेतलं तर आईच्या बाराव्याच्या दिवशीच तिला हे सांगावं लागेल. कुंडी ओटीवर सावलीत होती. त्यात टोकं छाटलेल्या चार काटक्या. कमळाबाई दिवसातून दहा वेळा बोट खुपसत. पाणी घालायला हात शिवशिवायचा. चाळीस वर्षं पाणी म्हणजे जीव, हेच त्यांना ठाऊक होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला डब्याची रिकामी जागा दिसली, मग कुंडी.

मनस्वी आजीकडे बघत होती. कमळाबाईंनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या.

"वर्षा, मी केलं. डबा फाटला व्हता. भातासारखं लावलं. मुळं कुजली."

वर्षा ओटीच्या पायरीवर बसली. मग तिने सांगितलं, आणि ते सासूला नाही, समोरच्या अंगणाला सांगितल्यासारखं. बाराव्याच्या मांडवासाठी भावाने परसात लादी घातली. आईचा मोगरा काढून टाकला. तिला कळेपर्यंत तो रस्त्याकडेला सुकून गेला होता. तिने भावाला एक शब्दही विचारला नव्हता. आपल्याकडे आहे ना, म्हणून.

कमळाबाई तिथल्या तिथे खाली बसल्या.

"मला फोन करायचा नाय का, आई?" वर्षा म्हणाली. "हात लावायच्या आधी?"

"तू रडत असशील म्हणून नाय केला."

"रडतच व्हते. केला असता तर काय झालं असतं?"

वर्षाने कुंडी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन खिडकीशी ठेवली. त्या दिवसापासून पाणी तीच बघायची. कमळाबाईंनी विचारलं नाही. घरात जेवणं व्हायची, म्हैस पिळली जायची, अंगणवाडीची वेळ व्हायची. दोघींमध्ये शब्द पडायचा तो मीठ, दूध, शाळा, एवढाच. वर्षाची वेणी मोकळी असायची.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या सकाळी वर्षा कुंडी घेऊन ओटीवर आली. हातात कात्री होती. काटक्यांची टोकं वाळून खाली खाली काळी होत चालली होती. आत हिरवं, जिवंत लागतंय का म्हणून तिने नखाने साल खरवडली. आत तपकिरी. आणखी खाली खरवडली. तपकिरी. कमळाबाई दारात उभ्या होत्या. गुरुजींनी अर्ध्यावर छाटायला सांगितलं होतं, ते त्यांनी केलं होतं. आता उरलेल्यातलंही कापलं तर हातात राहणार काय? नको गो, असं तोंडाशी आलं, ते त्यांनी गिळलं.

वर्षाने पहिली काटकी मातीपासून वीतभर ठेवून कापली. छेद तपकिरी. अजून चार बोटं. तपकिरी. कात्रीच्या जोराने कुंडी हलली.

"धरा," ती म्हणाली.

कमळाबाई पुढे आल्या, उकिडव्या बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी कुंडी घट्ट धरली. वर्षा खाली खाली कापत गेली. तीन काटक्या मातीपर्यंत मेलेल्या निघाल्या. चौथी तिने सगळ्यात शेवटी घेतली, आणि कापायच्या आधी डोळे मिटून एकदा श्वास घेतला.

छेदात, सालीच्या आत, बारीकशी हिरवी कड होती. तीही अर्ध्याच भागात. दुसरा अर्धा काळा.

दोघींनी ती वाकून पाहिली. मनस्वीला दाखवली. तेवढ्यावर झाड जगेल असं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

वर्षाने कात्री पदराला पुसली. कुंडी आत नेण्यासाठी ती वाकली, मग तिथेच थांबली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "मी अंगणवाडीत गेल्यावर घरात कोण असतं? ऊन पायरीवर आलं की मागं सरकवा. पाणी नका घालू."

"नाय घालत," कमळाबाई म्हणाल्या.

वर्षा कामाला गेली. कमळाबाई भिंतीला टेकून कुंडीशेजारी बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून, आणि पायरीवरचं ऊन कुठवर आलं ते बघत राहिल्या.