दुसऱ्याचा ‘मी’

पणदऱ्याच्या फाट्यावर गेणबा पाटकरी होता. कालव्याचं पाणी पाळीप्रमाणं ज्याच्या त्याच्या रानात सोडायचं आणि दाराला कुलूप घालायचं, हे त्याचं काम. चाळिशी उलटल्यावर तो दत्तोबा मास्तरांकडं लिहायला शिकला आणि हौसेनं इंग्रजीच्याही मागं लागला. दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत कसं सांगायचं, तो धडा नुकताच सुरू झाला होता. आधी ‘सेड’, मग ‘दॅट’, एवढं हाताशी आलं आणि पाण्याची पाळी लागली. पुढचं राहून गेलं.

त्याच पाळीत कुणीतरी चोरून दार उघडलं. छबूबाईचं वांग्याचं रान वाहून गेलं. कुलूप शाबूत, आणि किल्ली गेणबाच्या कमरेला. नोकरीवरच आलं होतं. सकाळी मोहनराव बागाईतदार फाट्यावर येऊन मिशीत हसले.

“मी दार उघडलं. माझ्यापाशीबी किल्ली हाय. काय करणार हाईस?”

गेणबानं रिपोर्ट लिहायला घेतला. कालव्याचा नवा साहेब मद्रासकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. कचेरीतला कारकून इंग्रजीत लिहून देई, पण त्याचं जेवणखाण मोहनरावांकडं. तेव्हा आपल्याच हातानं लिहिलेलं बरं. मोहनराव म्हणाले की मी दार उघडलं. गेणबानं शब्दाला शब्द लावला: ‘मोहनराव सेड दॅट आय ओपन्ड द गेट.’ खाली झोकात सही केली.

आठव्या दिवशी बारामतीच्या कचेरीत बोलावणं आलं. साहेबानं कागद पुढं टाकला. कारकून गालात हसला.

“गेणबा, हा ‘आय’ कोण रे?”

“मोहनराव की! त्येच म्हणले, मी उघडलं.”

“आणि सही कुणाची?”

“माजी.”

“मग ‘आय’ तूच. दार तू उघडलंस असं मोहनराव म्हणाले, हे तूच लिहून दिलंयस. माझ्याकडनं लिहून घ्यायला लाज वाटत होती व्हय?”

मोहनराव बाकावर बसले होते. छताकडं बघत म्हणाले, “मी कशाला उघडू दार?”

साहेबानं गेणबाच्या कमरेची किल्ली काढून घेतली.

परतताना तो मास्तरांच्या ओट्यावर टेकला आणि वाक्य म्हणून दाखवलं. मास्तरांनी चष्मा काढला.

“दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या तोंडी आला, की इंग्रजीत त्याचा ‘तो’ करावा लागतो, गेणबा. ‘आय’चा ‘ही’. तुझा पुढचाच धडा होता.”

“मराठीत कसं, ज्याचा मी त्याचाच ऱ्हातो की, मास्तर.”

“मराठीत राहतो,” मास्तर म्हणाले, आणि चष्म्याची काच पुसू लागले.

घराच्या वाटेवर छबूबाई धुपलेल्या रानात पुन्हा वाफे ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

“गेणबा, दार तूच उघडलंस म्हणं?”

“न्हाय, छबूबाई. मोहनराव म्हणले...”

पुढचा शब्द ‘मी’ होता. तो ओठापर्यंत आला आणि गेणबा तिथंच थांबला. छबूबाईनं थोडी वाट पाहिली, मग खोरं उचललं.