आरशातली मांडी

पडद्यावरच्या स्कॅनमध्ये वैष्णवीच्या आबांच्या दोन्ही मांड्यांच्या स्नायूंभोवती संगणकाने लाल रेघ काढली होती. उजवीकडे ती स्नायूच्या कडेला नेमकी बसली होती. डावीकडे मात्र स्नायू रेघेपासून बराच आत सरला होता आणि मधल्या जागेत नुसती चरबी होती. रेघेला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"दोन्ही मांड्या सारख्या," शिरूरच्या हॉस्पिटलचे डॉक्टर संगणकाचा अहवाल वाचून म्हणाले. "स्नायू ठणठणीत. आज घरी न्या."

"ऐकलं का आबा?" वैष्णवीचा भाऊ पप्पू दारातूनच ओरडला. "मशीन बी तेच म्हंतंय. मेंढरांमागं दौंडपातुर चालायचा, आन् आता हिरीवरची मोटार चालू करायला पाय उचलंना व्हय?"

"पाय निसटतो रं," बाकावरून आबा म्हणाले. "हिरीपाशी पडलो, ती काय हौस म्हणून?"

"नाटकं करायला म्हातारपण बरं असतंय."

वैष्णवीची कानशिलं तापली. पण राग पप्पूचा नव्हता, स्वतःचा होता. याच संगणकाला स्नायू ओळखायला शिकवणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेत ती स्वतः काम करत होती. माणसांनी स्कॅनवर स्नायूंच्या कडा हाताने आखायच्या आणि त्या पाहून संगणकाने शिकायचं, अशी रीत. तिचे मार्गदर्शक असलेल्या दाभाडे सरांना घाई होती. फक्त उजवी मांडी आखा, म्हणाले, डावीवर तीच रेघ आरशातल्यासारखी उलटी करून चिकटवा. स्कॅन सगळी कॉलेजच्या धडधाकट पोरांची, दोन्ही मांड्या सारख्याच, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. तिला मात्र खटकलं होतं. "तुझा प्रबंध होऊ दे, मग बघू," सर म्हणाले होते. प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती, म्हणून तीही थांबली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं.

प्रोग्राम इथे कसा चालतो ते बघायला आलेले सर शेजारीच उभे होते.

"सर, डावी रेघ बघा."

"एखादा अपवाद असतोच."

"अपवाद कसला? डाव्या पायाची खरी कड आपण संगणकाला कधी दाखवलीच नाही."

"हळू बोल. सोमवारी दौंडच्या हॉस्पिटलात हाच प्रोग्राम बसवायचाय. एका म्हाताऱ्यासाठी सगळं थांबवू?"

"वडील आहेत ते माझे."

सर हसले. "मग तर तू तटस्थ नाहीसच. घरच्यांच्या बाबतीत असं होतं."

तिने पडद्यावर बोट टेकवलं. "इथे स्नायू आहे? आहे म्हणा. डॉक्टरांसमोर म्हणा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "प्रबंध झाल्यावर बघू म्हटलं ना!"

वैष्णवीने त्यांच्याकडे पाठ केली.

"डॉक्टर, आबांचा डावा पाय वाळतोय. त्यांना घरी सोडू नका. हा प्रोग्राम चुकीचा शिकवलाय, आत्ताच बंद करा. यावर तपासलेली सगळी स्कॅन माणसाच्या डोळ्यांनी पुन्हा बघायला लागतील. आणि सर, याच प्रोग्रामवरचा माझा प्रबंध मी मागे घेतेय."